वंगणाच्या दोन रेघा

पौष लागला की सोलापुरात सात रस्ता चौकाच्या कडेला बायका हुरड्याच्या पाट्या घेऊन बसतात. ओल्या फडक्याखाली झाकलेला हिरवा दाणा आणि शेजारी शेंगाचटणीच्या पुड्या. मी पाव किलो घेते, पिशवीत टाकते आणि घरी येते. खात मात्र नाही. सून वाट्यांमधून नातवंडांना देते आणि मला कुणी 'घ्या की' म्हणत नाही. दात नाहीत म्हणून खात नाही, असं सगळ्यांनी धरून ठेवलंय. बरंच आहे ते.

यंदा हुरडा आला त्याच आठवड्यात वैदेही घरी आली. ही माझी जुनी विद्यार्थिनी. मी शाळेत चित्रकला शिकवायची तेव्हा पहिल्या बाकावर बसून वहीभर घोडे काढणारी. आता चित्रकार म्हणून तिचं नाव झालंय. पुण्यात तिचं प्रदर्शन होतं, त्याला मला घेऊन गेली. विषय सीमा. एका खोलीत तिनं काटेरी तार लावली होती आणि त्या तारेवर जुन्या लुगड्यांच्या चिंध्या अडकवल्या होत्या. दुसऱ्या खोलीत देशाचा मोठा नकाशा होता, लाल दोऱ्यानं शिवलेला, आणि राज्याराज्यांच्या मधले टाके तिनं मुद्दाम उसवून ठेवले होते. दोरे लोंबत होते. लोक हळू आवाजात बोलत होते, भिंतीवरची माहिती वाचत होते, फोटो काढत होते.

वैदेहीनं माझा हात धरून विचारलं, "बाई, तुमच्या वेळी सोलापुरात कुणी असं काही केलं होतं का? सीमेवर, देशावर?"

"नाही गं," मी म्हणाले.

परतीच्या गाडीत पुण्यापासून सोलापूरपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले. खोटं बोलले होते. केलं होतं एकानं, आणि मी त्याच्याबरोबर होते.

सत्तर सालानंतरची ती वर्षं. मी पंचवीस-सव्वीसची होते, चित्रकलेची परीक्षा पास होऊन शाळेत नुकती लागलेली. माझं गाव दुधनीच्या पलीकडं चार-पाच मैलांवर, महाराष्ट्रातच, पण म्हैसूर राज्याच्या हद्दीला लागून. तेव्हा त्याला म्हैसूरच म्हणत, कर्नाटक हे नाव अजून यायचं होतं. आमच्या घरात आई कानडीत रागवायची आणि वडील मराठीत समजूत काढायचे. आम्हा भावंडांना ह्या दोन भाषा वेगळ्या आहेत हेच मुळी शाळेत गेल्यावर कळलं. तोवर आम्हाला वाटायचं, रागवायची भाषा एक असते आणि समजवायची दुसरी.

गावची जत्रा ऐन हुरड्यात यायची. गुळभेंडी ज्वारीची कणसं तयार झालेली, शेताशेतात शेणकुटांची आगटी पेटलेली, धुराचा करपट गोड वास सगळ्या शिवारावर धरलेला. गरम कणीस तळहातावर चोळलं की हात भाजायचे, पण दाणे गरम असतानाच तोंडात टाकायचे असा नियम. बहिणीबहिणींत कुणाचे हात जास्त लाल झाले यावर भांडण. आणि जत्रेत नाटक. माझे चुलते बसण्णाकाका नाटकाचे मास्तर. गावातली दहा-बारा माणसं घेऊन ते दोन नाटकं बसवायचे, एक मराठी, एक कानडी. माणसं तीच. आज मराठीत राजा झालेला उद्या कानडीत राजा व्हायचा. नायक तुकाराम, ऊसतोडीनं खांदे रुंद झालेला, आवाज असा की माईक लागत नसे. नायिका शिवाप्पा. शिवाप्पा किराणा दुकान चालवायचा, पण लुगडं नेसून पुढं आला की आमच्या आज्यासुद्धा पदर सावरून बसायच्या. नऊ वर्षं ह्या दोघांची जोडी होती. शिवाप्पाची बायको गमतीनं म्हणायची, "आमच्या घरात मी एक, आणि नवऱ्याचा नवरा एक." तुकाराम त्यांच्याच घरी जेवायचा.

हे सगळं असं लिहिलं की फार गोड वाटतं. तसं नव्हतं. गावात भांडणं होती, पाण्यावरून होती, बांधावरून होती. पण भाषेवरून नव्हती, एवढं मी शपथेवर सांगेन.

मग ती सभांची वर्षं आली. कधी तालुक्याकडून जीपमधून पोरं यायची, पारावर उभी राहून सांगायची की हे गाव आपलं आहे, ते हिसकावून घ्यायचं चाललंय. दुसऱ्या आठवड्यात हद्दीपलीकडून दुसरी पोरं यायची आणि तेच सांगायची, दुसऱ्या भाषेत. दोन्हीकडचं भाषण आम्हाला समजायचं, हीच आमची पंचाईत. पहिल्या वर्षी लोक हसले. दुसऱ्या वर्षी ऐकू लागले. तिसऱ्या वर्षी तुकाराम मराठी सभेत पुढं बसला आणि शिवाप्पा कानडी सभेत. तरी जेवण एकाच घरी चालू होतं.

त्या हिवाळ्यात युद्ध झालं. चौदा दिवसांत संपलं, पूर्वेला नवा देश झाला. शाळेत पेढे वाटले. हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं, "बाई, भिंतीवरच्या नकाशात तेवढी दुरुस्ती करा." मी स्टुलावर चढून 'पूर्व पाकिस्तान' ही अक्षरं पांढऱ्या रंगानं पुसली आणि वर 'बांगलादेश' लिहिलं. खाली मुलींनी टाळ्या वाजवल्या. मला काय वाटलं ते आठवतंय. माझ्या हातातल्या ब्रशला वजन आल्यासारखं वाटलं. देशाचं नाव मी बदललं होतं, निदान पाचवी ते अकरावीच्या मुलींपुरतं.

गावातही तोच उत्साह. बसण्णाकाका मुद्दाम सोलापूरला आले. म्हणाले, "ह्या वर्षी नवीन दर्शनी पडदा करायचा. भारताचा नकाशा, मधी भारतमाता. मल्लप्पाला सांग." दर्शनी पडदा म्हणजे नाटक सुरू व्हायच्या आधी जो सगळ्यात पुढं दिसतो तो. जुना पडदा उंदरांनी खाल्ला होता.

मल्लप्पा पेंटर नाटकाचे पडदे रंगवायचे. साठीला आलेला उंच, वाकलेला माणूस, बोटांची नखं कायम निळी. सोलापुरात बाजारामागं त्यांची पत्र्याची शेड होती. आजूबाजूच्या चार-पाच तालुक्यांत कुठंही जत्रा असली की महाल, जंगल, रस्ता, देऊळ हे त्यांचे पडदे असायचे. मी शहरात शिकले होते, ते कुणाकडं शिकले नव्हते. तरी रविवारी मी त्यांच्याकडं जायची, कारण एवढं मोठं आभाळ एका ओढीत कसं रंगवायचं हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. शेडमध्ये चुलीवर रंग चिकटावा म्हणून घालायचा सरस उकळत असायचा, त्याची घाण नाकात बसायची. डालड्याच्या डब्यांत रंगाची पूड कालवलेली. मांजरपाटाचे पट्टे शिवून जमिनीवर अंथरलेले आणि त्यावर मल्लप्पा अनवाणी चालताहेत, काठीला कोळसा बांधून उभ्यानंच रेखाटताहेत.

नकाशा मोठा करायचं काम मी घेतलं. शाळेतून नकाशा आणला, त्यावर पेन्सिलीनं चौकटी पाडल्या, निळीत बुडवलेली सुतळी ताणून कापडावर तितक्याच, पण मोठ्या चौकटी उठवल्या आणि एकेक चौकट उतरवत गेले. किनारा, काश्मीर, आसाम. दोन रविवार गेले. मग आतल्या रेघांपाशी आले, राज्यांच्या. मल्लप्पा माझ्या पाठीमागं येऊन उभे राहिले.

"त्या न्हाई काढायच्या, बाई."

"पण नकाशात आहेत."

"असू देत की. हे बघा." त्यांनी ब्रश उचलून हवेतच एक रेघ ओढली. "पडद्यावरची रेघ लांबनं दिसाय पायजे तर दोन बोटं जाड लागती. दोन बोटं म्हंजे हितं किती गावं झाली? तुमचं गाव रेघेच्या हिकडं न्हाई आन् तिकडंबी न्हाई. रेघेखालीच गाडलं जाईल."

मी हसले. ते हसले नाहीत.

"माझी बहीण तिकडं दिलीया," ते म्हणाले. "म्हैसुरात, आळंदच्या बाजूला. मी हितं बसून रेघ काढली तर पंचमीला तिला आणाय कुठल्या तोंडानं जाऊ?"

मग त्यांनी आतला सगळा भाग एकाच रंगात भरला. पिकल्या जोंधळ्याचा असतो तसा, पिवळट, थोडा तांबूस. त्यावर भारतमाता. नाटकमंडळीचं नाव मराठीत आणि कानडीत, दोन्हीकडं सारख्या उंचीवर. कुठलं डावीकडं लिहायचं यावर त्यांनी दोन दिवस विचार केला आणि शेवटी दोन्ही नावं कमानीसारखी वळवून घेतली, दोन्हींची सुरुवात खालून, पायांपाशी. मला तेव्हा ते जरा हास्यास्पद वाटलं होतं. एवढी काळजी कशाला?

आज वाटतं, वैदेही उसवलेल्या टाक्यांतून जे सांगते तेच मल्लप्पांनी तेव्हा सांगितलं होतं. फक्त त्यांच्यापाशी भिंत पांढरी नव्हती आणि बघायला येणारी माणसं हळू आवाजात बोलणारी नव्हती.

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही दुधनीला उतरलो. पडदा बांबूला गुंडाळलेला, एक टोक मल्लप्पांच्या खांद्यावर, एक माझ्या. स्टेशनवर तुकाराम आणि शिवाप्पा बैलगाडी घेऊन आले होते. एका गाडीतून आले होते, पण शिवाप्पा मागं पाय सोडून बसला होता आणि तुकाराम पुढं कासरा धरून. वाटेत दोघांनी माझ्याशी गप्पा मारल्या. एकमेकांशी बोलले नाहीत. मला वाटलं, उद्याचं नाटक डोक्यात असेल.

दुपारी पडदा मांडवात चढवला. दोऱ्या ओढल्या आणि तो उलगडत खाली आला तेव्हा जमलेल्या बायकांनी हात जोडले. माझी चुलती घरात पळत गेली आणि आरतीचं ताट घेऊन आली. बसण्णाकाका मल्लप्पांच्या पाठीवर थापा मारत होते. मांडवाच्या मागं कुणीतरी आगटी पेटवली होती, हुरडा भाजला जात होता, पोरींच्या हातात कणसं होती. मी चुलतीनं दिलेला गरम दाणा तोंडात टाकला. त्या वर्षी पाऊस कमी होता, दाणा बारीक होता, तरी गोड लागला.

तेवढ्यात तुकारामनं विचारलं, "आपलं गाव कुटं आलं ह्यात?"

त्याच्या मनात तेव्हा काही होतं असं मला आजही वाटत नाही. आपल्या गावाचं नाव नकाशात शोधावं असं कुणालाही वाटतं. मल्लप्पांनी काठीनं दाखवलं, "हितं कुटंतरी."

"आन् महाराष्ट्र कुठवर?"

मल्लप्पांनी काठी खाली घेतली. पाच-सहा जण पुढं आले. सभांना जाणारे. कुणी म्हणालं, "रेघच न्हाई की." कुणी म्हणालं, "का न्हाई? विसरले का मुद्दाम?"

"रेघ न्हाई म्हंजे त्यांचं खरं धरल्यावानी झालं," तुकाराम म्हणाला.

शिवाप्पा दुसऱ्या टोकाला उभा होता. तो शांतपणे म्हणाला, "उलटं हाय. रेघ न्हाई म्हंजे जसं चाललंय तसं चालू द्या, गाव तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या, असं झालं."

दोघांची तक्रार एकच होती. मी ते ऐकलं आणि मला हसू यायला हवं होतं. पण मांडवातला आवाज चढत होता. बसण्णाकाका मध्ये गेले. "अरे, दर्शनी पडदा हाय, तलाठ्याचा नकाशा न्हवं!" कुणी ऐकलं नाही. दोन्ही बाजूंनी माणसं जमत गेली, आणि मी पहिल्यांदाच बघितलं की आमच्या गावाला दोन बाजू आहेत. कोण कुठं जाऊन उभं राहिलं ते मी एकेक करून बघत होते. माझा सख्खा भाऊ एका बाजूला गेला. त्याचा मित्र दुसऱ्या.

मग तुकाराम माझ्याकडं वळला.

"कस्तुरी, तू शिकलेली. नकाशा तूच काढलास म्हणं. शाळेच्या पुस्तकात रेघ कुठनं जाती तेवढं सांग. जे खरं हाय ते हाय. भांडण मिटंल."

"व्हय, कस्तुरक्का," शिवाप्पाही म्हणाला. "तू सांग. तू खोटं न्हाई बोलणार."

मल्लप्पा माझ्याकडं बघत होते. त्यांनी मान हलवली, अगदी थोडी, नको म्हणून. मी ती बघितली. हे मी पुन्हा लिहिते, कारण नंतर कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की मला ती दिसली नव्हती. मला ती दिसली होती.

पण सगळं गाव माझ्या तोंडाकडं बघत होतं. मी बाई होते, मला विचारलं जात होतं, आणि मला उत्तर येत होतं. चौकटी मीच पाडल्या होत्या. कुठली रेघ कुठल्या चौकटीतून जाते ते डोळे मिटून सांगितलं असतं. आणि खरंच वाटलं की खरं काय ते सांगितलं की माणसं गप्प होतील. वर्गात व्हायच्या तशा.

मी काठी घेतली. कापडाला न लावता, बोटभर अंतरावरून, हवेत फिरवली. "इथून येते, अशी वळते, आणि अशी जाते. गाव हिच्या वर."

क्षणभर खरंच शांत झालं. मग तुकाराम मांडवाबाहेर गेला. बैलगाडीच्या आसाला वंगणाचा नळा टांगलेला असतो, तो सोडून घेऊन आला. दोन बोटं काळ्या वंगणात बुडवली आणि मी दाखवलं होतं तिथून, बरोबर तशीच, वळणासकट रेघ ओढली. भारतमातेच्या नेसूवरून, कमरेपाशी. तो चांगला नट होता, एकदा दाखवलेलं विसरायचा नाही.

शिवाप्पानं त्याच्या हातातून नळा हिसकावला. त्याची रेघ वर आली, वीतभर वर, गावाच्या पलीकडून. रेघ वाकडी गेली, वंगण खाली ओघळलं. मग रेटारेटी. कुणी कुणाला मारलं असं नाही, पण बांबू कलंडला आणि पडद्याचं एक टोक मातीत आलं. त्यावरून माणसं गेली. बसण्णाकाका मध्ये उभे राहून दोन्ही हात वर करून ओरडत होते, "ब्याडप्पा, ब्याड! नको रे बाबांनो, नको!" एकदा ह्या भाषेत, एकदा त्या भाषेत. आयुष्यभर त्यांनी दोन्ही भाषांत माणसांना काय बोलायचं ते शिकवलं होतं. त्या दुपारी त्यांचं एकही वाक्य कुणी उचललं नाही.

मी कडेला उभी होते. हातात काठी तशीच. आपण 'मी चुकीचं सांगितलं' असं ओरडावं, असं मनात आलं. ओरडले नाही. सांगितलेलं चुकीचं नव्हतं, आणि चुकीचं म्हटलं असतं तरी कोण ऐकणार होतं?

गर्दी पांगल्यावर मल्लप्पांनी पाणी मागितलं. मला वाटलं प्यायला. त्यांनी पडदा खाली उतरवून अंथरला, गुडघ्यावर बसले आणि ओल्या फडक्यानं वंगण पुसायला लागले. सरसातला रंग तो, पाणी लागलं की सुटणारच. त्यांना ते माहीत नव्हतं असं नाही. फडक्याबरोबर पिवळा रंग आला, मग निळा, मग नेसूचा हिरवा. भारतमातेची कंबर गेली, पाय गेले, खाली मंडळीच्या नावांची पहिली अक्षरं गेली, दोन्हीकडची. कापड पांढरं होत गेलं. वंगणाच्या रेघा तेवढ्या राहिल्या, आधीपेक्षा ठळक. तरी ते पुसत होते. माझी चुलती रडायला लागली. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि त्यांचा हात धरला, तेव्हा ते थांबले.

नाटक झालं नाही. मराठीही नाही, कानडीही नाही.

दुधनीच्या फलाटावर संध्याकाळच्या गाडीची वाट बघत आम्ही बाकावर बसलो होतो. मी म्हणाले, "मल्लप्पा, माझं चुकलं."

"तुमी खोटं न्हाई दाखवलं, बाई," ते म्हणाले. "खरं तेच दाखवलं." गाडीचा सिग्नल पडला. मग म्हणाले, "पर इचारणाऱ्याच्या हाताकडं बघायचं असतं."

त्याहून जास्त ते कधीच बोलले नाहीत. मी शेडमध्ये जात राहिले, सुरुवातीला दर रविवारी, मग कधीतरी. पुढं नाटकंच कमी झाली, पडद्यांची मागणी गेली. मल्लप्पा सिनेमाच्या पाट्या रंगवायला लागले, मग डोळे गेले, मग एक दिवस शेडला दुसऱ्याचं कुलूप दिसलं.

मी ती दुपार रंगवायचा प्रयत्न केलाय. एकदा नव्हे, वीस-पंचवीस वेळा. निवृत्तीनंतर तर वर्षभर दुसरं काही केलं नाही. दर वेळी तेच होतं. कागदावर आधी माणसं काढायची ठरवते, बसण्णाकाकांचे वर केलेले हात, चुलतीचं आरतीचं ताट. आणि हात आपोआप रेघेकडं जातो. रेघ काढली की चित्रात दुसरं काही उरत नाही. नाही काढली तर ते कशाचं चित्र आहे तेच कळत नाही. मल्लप्पांनी रेघ गाळली, तर गाळणं हीसुद्धा एक बाजू घेणं ठरलं. मी खरी रेघ दाखवली, तर तीही. तिसरं काय करता आलं असतं ते मला पन्नास वर्षांत सापडलेलं नाही. वैदेहीला सापडलं असेल तर चांगलंच आहे. तिच्या लोंबत्या दोऱ्यांसमोर मी बराच वेळ उभी होते. एक म्हातारे गृहस्थ शेजारी येऊन थांबले आणि स्वतःच्या जिल्ह्याची जागा शोधायला लागले. मी घाईनं पुढच्या खोलीत गेले.

आणि लपवायचं कशाला, पुढची तीस वर्षं मी वर्गात नकाशे मोठे करायला शिकवत राहिले. आधी चौकटी, मग किनारा, मग आतल्या रेघा. परीक्षेला यायचं. रेघ चुकली की गुण कापायची.

त्या जत्रेच्या पुढच्या वर्षी पौषात हुरडाच नव्हता. पावसानं पूर्ण पाठ फिरवली होती. त्या दुष्काळाबद्दल लोकांनी पुष्कळ लिहिलंय, मी वेगळं काय लिहू. गावाजवळ दुष्काळी काम निघालं होतं, रस्त्याचं. सगळं गाव खडी फोडायला. बसण्णाकाकांच्या पायाला जखम झाल्याचं कळलं म्हणून मी मलमपट्टी घेऊन रविवारी तिकडं गेले. भर दुपार. उघड्या माळावर दगडांचे ढीग आणि प्रत्येक ढिगापाशी फडकं बांधून त्याच्या चतकोर सावलीत बसलेली माणसं. कोण कुठल्या बाजूचं, काही कळत नव्हतं. सगळ्यांच्या अंगावर एकच पांढरी धूळ.

काकांचा पाय बांधला. त्यांच्या मागच्याच रांगेत शिवाप्पा बसला होता. दुकान बंद पडलं होतं. त्याच्यापासून चार ढीग सोडून तुकाराम. वर्षभर दोघं बोलले नव्हते हे चुलतीनं मला सांगितलं होतं. जेवणाची सुट्टी होती, बायका कामावर वाटलेली सुकडी खात बसल्या होत्या. माझ्या चुलतीला काय वाटलं कोण जाणे, ती म्हणाली, "शिवाप्पा, म्हण की रे एखादं पद. लई दिस झालं तुझा आवाज ऐकून."

दुसऱ्या बायकाही म्हणाल्या, "म्हण की. म्हण."

शिवाप्पानं डोक्याचं फडकं सोडलं, तोंडावरची धूळ पुसली. पाठ सरळ केली. त्या बसण्यात एकदम ती जुनी ऐट आली, मान थोडी कलती झाली. तुकाराम हातातला घास हातात धरून तिकडं बघत होता, हे मी बघितलं. शिवाप्पानंही बघितलं. त्यानं श्वास घेतला आणि थांबला. सगळ्यांच्या तोंडांवरून नजर फिरवत फिरवत माझ्यापाशी आणली.

"कुठल्या भाषेत म्हणू, बाई?" त्यानं विचारलं.

तो मला कधी बाई म्हणत नसे.

मी उरलेल्या पट्ट्या गुंडाळून पिशवीत भरायला लागले. काका बांधलेल्या पायाकडं बघत राहिले. शिवाप्पानं वाट बघितली आणि फडकं पुन्हा डोक्याला बांधलं. मग मुकादमानं शिट्टी वाजवली, तुकारामनं घास डब्यात परत टाकला, आणि माळभर पुन्हा खडी फुटायला लागली.